आधी गाठ, मग उभी रेघ

स्टीलच्या थाळीत बोटभर जाडीची रेती आहे. पहिलीतली एक मुलगी थाळी दोन्ही हातांनी धरून जराशी हलवते. मघाचं अक्षर मोडतं, रेती सपाट होते आणि तिचं बोट पुन्हा उतरतं. ते थेट उजवीकडे जातं आणि वरून खाली लांब रेघ ओढायला लागतं.

"थांब," बाई म्हणतात. "म कुठून निघतो?"

मुलगी बोट उचलते. बाईंकडे बघते, थाळीकडे बघते, मग हात डावीकडे आणते. आखूड रेघ खाली, तिच्या पायाशी गाठ, गाठीतून आडवी रेघ उजवीकडे. तिथे ती थांबते आणि मघाची लांब उभी रेघ आता ओढते. सगळ्यात शेवटी डोक्यावरची रेघ, डावीकडून उजवीकडे.

आत्ता कुणी दारातून आलं आणि त्याने नुसती थाळी पाहिली, तर हा म आधी काढलेल्या म सारखाच दिसेल. बाईंना मात्र तो पहिला म चालत नाही. का चालत नाही, ते बघायला मी सकाळपासून या खोलीत भिंतीला टेकून बसले आहे.

तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला उतरायचं आणि पायवाटेने आत चालत यायचं, की हा पाडा लागतो. ऑगस्ट सरत आलाय. लावणी कधीच आटोपलीय, भात गुडघ्याला लागलंय, त्यामुळे घरच्यांबरोबर शेतावर अडकलेली मुलं आता शाळेत दिसतायत. पत्र्यावर पाऊस वाजतोय, बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. जिल्हा परिषदेच्या या शाळेत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात. दुसरीची मुलं मागच्या भिंतीशी पाढे लिहितायत, पहिलीची पुढे जमिनीवर गोल करून बसलीत. वर्गाच्या मॅडम तरुण आहेत, मराठवाड्यातून नोकरीसाठी इकडे आलेल्या. बाई इथल्याच, डहाणूकडच्या. त्यांनी कोसबाडला बालवाडीचं शिक्षण घेतलं, उमेदीची सगळी वर्षं पाड्यापाड्यांवर बालवाड्या चालवल्या, आणि निवृत्तीनंतरही मिळेल त्या गाडीने त्या इथे येत असतात. त्यांच्या कापडी पिशवीत चाळलेली रेती असते आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली पॉलिश पेपरची अक्षरं.

आज ग, म, भ, न चालू आहेत. मराठी मुलाला अआइई पाठ असली तरी लिहायला बसताना ही चौकडी आधी का येते, ते या गोलात बसलं की लगेच कळतं. चारही अक्षरांचा शेवट एकच आहे, उभी रेघ आणि डोक्यावरची रेघ. डावीकडचा भाग तेवढा बदलतो. ग ला वरून उतरून डावीकडे वळलेली गाठ, न ला गाठ आणि आडवी रेघ, म ला गाठीच्या वर एक आखूड रेघ, आणि त्याच रेघेला वर वाटोळा वळसा दिला की भ. हाताला एका अक्षराची वाट सापडली की बाकीच्या तिघांची अर्धी वाट चालून झालेली असते. पण हे केव्हा? हात डावीकडून निघाला तर. उजवीकडची लांब रेघ आधी ओढणाऱ्या मुलाला चारही अक्षरं सुरुवातीला एकसारखी लागतात आणि मग डावीकडे परत येऊन काय जोडायचं ते त्याला दर वेळी आठवावं लागतं. गाठ कुठल्या बाजूला हेही तिथेच चुकतं. शेजारच्या मुलाच्या पाटीवर एक ग आरशातल्यासारखा उलटा बसलाय. बाई तो पुसत नाहीत. "हा असाच राहू दे, याच्या शेजारी दुसरा काढ," म्हणतात आणि त्याचं बोट पाटीच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवतात. दुसरा ग सुलटा येतो. हात जिथून निघायला हवा तिथून निघाला, की अक्षर उलटं पडायची जागाच फारशी उरत नाही.

पॉलिश पेपरचा भ मीही हातात घेते. पुठ्ठा जुना आहे, कडा दुमडल्यात, पण कागदाची खरखर शाबूत आहे. मुलांनी तर्जनी आणि मधलं बोट जोडून त्यावरून फिरवायचं, तेही लिहायचं त्याच दिशेने. डोळे मिटले तरी चालतं. अक्षराच्या वाटेवरून बोट घसरलं तर पुठ्ठा गुळगुळीत लागतो आणि मुलाला चूक आपोआप कळते, कुणाला ओरडावं लागत नाही. ही युक्ती मारिया माँटेसरींची. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं तेव्हापासूनची. ताराबाई मोडकांनी ही पद्धत भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना आपलीशी केली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पण माँटेसरीचं साहित्य महाग, आणि ते शहरातल्या मुलांपर्यंतच पोचत होतं. १९४५ च्या डिसेंबरात ताराबाई डहाणू तालुक्यात बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. इथे लाकडी ठोकळ्यांऐवजी शिंपले आले, मण्यांऐवजी बिया आल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी उभी राहिली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरत असतील तिथेच वर्ग. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. त्या नावाचा उगम शेजारच्या डहाणू तालुक्याच्या मातीत आहे, याचा मला इथे बसल्यावर फार अभिमान वाटतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

बाईंच्या हातातली रेतीही त्याच घरातली. कुरणात पाटी नेता येत नाही, माती मात्र पायाखालीच असते.

गोलाच्या दुसऱ्या टोकाला एक डावखुरा मुलगा आहे. त्याचे न सुबक आहेत, गाठी गोल आणि बंद. डोक्यावरची रेघ मात्र तो उजवीकडून डावीकडे ओढतो. डाव्या हाताला रेघ ओढून घेणं सोपं, ढकलणं अवघड, म्हणून हात आपसूक तसा वळतो. मॅडम बाईंकडे बघतात. बाई थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहतात आणि म्हणतात, "राहू द्या. गाठ आधी काढतोय ना? मग झालं." मला हे पटतं. क्रमात कुठलं काय धरून ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, हे ज्याला कळतं तोच तो शिकवू शकतो. म ची गाठ आधी आली पाहिजे, कारण त्यावर अक्षराचा तोल आणि पुढच्या अक्षराकडे जाणारी चाल अवलंबून आहे. शिरोरेघ या बाजूने आली की त्या बाजूने, याने म्हणावं तेवढं बिघडत नाही.

खुद्द शिरोरेघेचाच क्रम आपल्याकडे एकसारखा नव्हता. देवनागरीत आपण अक्षरं लिहून झाल्यावर शब्दावर रेघ ओढतो. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर रेघा ओढून घेत आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जात. बोरू शक्य तितका उचलायचा नाही, हा तिथला हिशोब. आणि इथून थोड्या अंतरावर सीमा ओलांडली की शिरोरेघ नाहीच. या पाड्यातल्या कित्येकांचे वडील, काका उंबरगावला, सरीगामला, वापीला कामाला जातात. मुलांच्या डोळ्यांना गुजराती पाट्यांची सवय असते. एका मुलीने पाटीवर न, ग, म असे तिन्ही बिनटोपीचे काढून ठेवलेत. मॅडम विचारतात, "डोक्यावरची रेघ कुठंय?" मुलगी म्हणते, "नाय." बाई हसून तिला जवळ घेतात आणि तिन्ही अक्षरांवरून एकच लांब रेघ तिच्याकडून ओढून घेतात. तिन्ही अक्षरं एकाच रेघेखाली आल्यावर मुलीला गंमत वाटते, ती रेघ पुढे पाटीच्या कडेपर्यंत नेते.

हा सगळा वेळ माझ्या डोक्यात चीनमधला पहिलीचा वर्ग चालू आहे. तिथे हा विषय आपल्यापेक्षा फार काटेकोरपणे शिकवतात, कारण तिथल्या मुलाला पन्नासेक अक्षरांवर भागत नाही, हजारांनी चिन्हं शिकावी लागतात. दहा या संख्येचं चिन्ह म्हणजे बेरजेचं चिन्ह समजा. आडवी रेघ आधी, उभी नंतर. तोंड या अर्थाचं चिन्ह चौकोनी, पण त्याच्या रेघा चार नाहीत, तीन आहेत. डावी उभी पहिली, वरची आडवी आणि उजवी उभी मिळून हात न उचलता दुसरी, तळाची तिसरी. देश या चिन्हात बाहेर चौकट आहे आणि आत ऐवज. तिथे चौकटीच्या तीन बाजू आधी, मग आतलं सगळं, आणि तळाची रेघ अगदी शेवटी. मुलांना सांगतात, आधी घरात शिरा, मग दार लावा. चीनने १९९७ साली सात हजार चिन्हांचा रेघांचा क्रम ठरवून छापला. जपाननेही १९५८ मध्ये शिक्षकांसाठी अशी पुस्तिका काढली होती. आणि तरी दोन्हीकडचा क्रम सगळीकडे जुळत नाही. डावा आणि उजवा या अर्थांच्या चिन्हांचा वरचा भाग दिसायला सारखा, पण जपानी मूल डावा लिहिताना आडवी रेघ आधी ओढतं आणि उजवा लिहिताना तिरकी आधी. चिनी मूल दोन्हींत आडवीच आधी ओढतं. म्हणजे हा क्रम कुठे आभाळातून पडलेला नाही. माणसांनी बसून, हाताला काय सोपं जातं आणि घाईत काय टिकतं ते बघून तो ठरवलाय.

घाईत काय टिकतं, ही त्यातली खरी गोष्ट. सावकाश लिहिताना रेघा कुठल्याही क्रमाने जोडल्या तरी अक्षर दिसतं. हात वेगात गेला की रेघा एकमेकींत मिसळतात, आणि त्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने मिसळतात. घाईत लिहिलेलं चिनी वळण ज्याला क्रम माहीत आहे त्यालाच वाचता येतं. आपल्याकडेही तसंच आहे. म ची उभी रेघ आधी ओढणाऱ्या मुलाला दर अक्षरापाशी एकदा मागे यावं लागतं आणि मग पुन्हा पुढे जावं लागतं. पहिलीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तिसरी-चौथीत श्रुतलेखन सुरू झालं की ते मूल शब्द ऐकत असतं, समजत असतं, पण हात मागे राहतो. मग त्याच्या वहीवर शेरा पडतो, अपूर्ण.

मॅडम आपल्या टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा मला दाखवतात. पानापानावर लाल खुणा आहेत. अक्षरं बरोबर, चूक, बरोबर. मी बाईंच्या हातात एक वही देते आणि विचारते, यातला कुठला म आधी गाठ काढून लिहिलाय? बाई पान तिरकं धरून खिडकीच्या उजेडात नेतात. एकदोन ठिकाणी पेन्सिलीचा दाब बघून अंदाज करतात, मग वही मिटतात. "हे वहीत दिसत नाही हो. लिहिताना शेजारी बसावं लागतं."

मला जे म्हणायचंय ते हेच आहे. आपण मुलाचं लिहिलेलं तपासतो, लिहिणं तपासत नाही. तपासायला हवं तर एक मोठं माणूस त्या हाताशेजारी बसलं पाहिजे, आणि दोन इयत्तांच्या एका खोलीत एकट्या मॅडमना ते रोज जमणं कठीण आहे. पाठ्यपुस्तकात अक्षरावर बाण काढून, १, २, ३ आकडे घालून क्रम दाखवलेला असतो. बाण चांगलेच आहेत. पण ज्याला अजून १, २, ३ वाचता येत नाहीत त्याला ते कुणीतरी बोट धरून सांगावे लागतात. मोबाइलचा तर याहून वेगळा पेच आहे. पडद्यावर पुष्कळदा हिंदी वळणाचा ल दिसतो. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, आणि शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात तोच मराठीसाठी पक्का केला. दोन्ही ल लिहिताना हाताची वाट निराळी असते. मॅडम तरुण असूनही फळ्यावर पाकळ्यांचाच ल काढतात, हे बघून बाई खूष होतात.

मधली सुट्टी होते. खिचडीचा वास खोलीत आलाय. हात धुवायला सगळी पळतात, मघाची थाळीवाली मुलगी तेवढी मागे रेंगाळते. रेती सपाट करते आणि मनाने काहीतरी काढायला लागते. वर, टोक खाली असलेला त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा त्रिकोण. मग मान, डोकं, दोन हात, शेवटी पाय. हात कुठेही अडत नाही. त्याच्या शेजारी तसाच दुसरा माणूस, त्याचा हात पहिल्याच्या हातात. तिसरा. तिला हे कुणी शाळेत शिकवलेलं नाही. वारल्यांच्या लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, आत पालघट देवी येते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि मुलं तिथेच पायांत घोटाळत सगळं बघत असतात. बघण्याची त्यांची रीतच अशी, की हात चालताना बघायचं.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे. लहानपणीच ते डहाणू तालुक्यात गंजाडकडे आले. बायकांच्या हातातली ही रेघ त्यांनी उचलली, सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे ती बाहेरच्या जगाला दिसली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमध्ये निगाता भागात तोकामाची इथे मिथिला संग्रहालय आहे. म्हसे तिथे जाऊन राहिले आणि त्यांनी तिथे चित्रं काढली. जिथे पहिलीपासून प्रत्येक मूल रेघेचा क्रम गिरवतं, त्या देशाने या दोन तालुक्यांतली रेघ इतक्या आदराने बोलावून घेतली, याचं मला नवल वाटत नाही. रेघ ओढलेली ओळखणारे डोळे तिथे घरोघर आहेत.

बाई त्या मुलीच्या शेजारी बसतात. तिच्या तिसऱ्या माणसानंतर त्या स्वतः बोटाने एक म काढतात, अगदी सावकाश. मुलगी बघते. मग त्याच चालीने, न थांबता, ती त्याच्या शेजारी आपला म काढते. आखूड रेघ, गाठ, आडवी, उभी, डोक्यावर टोपी. या वेळी तिने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुट्टी संपता संपता एक आई दारात येते, डोक्यावर इरलं, पाय पोटरीपर्यंत चिखलात. गणवेश मिळाल्याच्या यादीवर सही करायची आहे. मॅडम यादी पुढे करतात, शाईचा पॅडही शेजारी आहे. आई पॅड बाजूला सारते आणि पेन मागते. बचत गटात सही शिकलेय, म्हणते. नावाचं पहिलं अक्षर स. आधी र, मग त्याच्या मधून निघालेली आडवी रेघ, मग उभी. पेन कागदात रुततंय, पण क्रम पक्का आहे. चारही अक्षरं झाल्यावर ती वरून एक रेघ ओढते आणि यादी परत करते.

ही सही बघताना मला झरी आठवतं. ते गाव याच तलासरी तालुक्यात आहे. १९४५ च्या मे महिन्यात तिथे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली, तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात होता. वेठ मोडायची, हा त्या परिषदेचा निर्धार. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी तेव्हा घरोघर होते, आणि कागदावर काय लिहिलंय ते सावकार सांगेल तेच. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलंय. ताराबाई आणि अनुताई बोर्डीला आल्या त्याच वर्षाच्या अखेरीस. दोन्ही कामं वेगळ्या माणसांची, वेगळ्या विचारांची. पण या आईच्या सहीपर्यंत दोन्ही येऊन पोचतात, असं मला वाटतं.

दुपारी मुलं पाटीवर न गिरवतायत. मॅडम बाईंना विचारतात, "पुढच्या वेळी क घ्यायचा का?"

"क नको, आधी व. व बसला की ब आणि क दोन्ही त्याच्यातून येतात. र पण घ्या, म्हणजे स, ख सोपे जातील."

"आणि वही?"

"वही दिवाळीनंतर."

मॅडम गप्प होतात. मग म्हणतात, "दिवाळीनंतर यातली कितीतरी वीटभट्टीवर जातील, बाई. आईबापांबरोबर. येतील ती थेट पावसाच्या तोंडाला."

बाई पिशवीतून पॉलिश पेपरचे पुठ्ठे काढतात, व आणि र वेगळे करून मॅडमच्या हातात देतात. "मग त्यांना आधी बसवा. रोज चार-पाचच घ्या, सगळी एकदम नको. प्रत्येकाच्या शेजारी बसा. भट्टीवर मातीला काय तोटा आहे? बोटात बसलेलं असेल तर तिथेही लिहितील."

मॅडम हजेरीपट उघडतात. कोण कोण जाईल ते दोघी मिळून आठवायला लागतात आणि त्या नावांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा होत जातात. डावखुऱ्या मुलाच्या नावापुढे एक खूण पडते, थाळीवालीच्या नावापुढे एक. त्या दोघांपासून उद्या सुरुवात करायचं ठरतं.